अकराशे मांडे

कानबाईची आण, तापीमायची आण, आमच्या गोठ्यातल्या सातही म्हशींची आण! आता मी जे सांगणार त्यातला शब्द न् शब्द खरा. एक अक्षर इकडचं तिकडं निघालं तर जिभेला फोड येऊ दे न् आखाजीच्या आमरसाची चव मला पुन्हा लागू देऊ नको. गावातल्या बाया म्हणतात, जसोदाबाई फेकते. फेकते ना! पण फेकायचं ते मगरीबिगरीचं. ही गोष्ट माणसाची आहे.

आता मगरीचं निघालंच तर तेही सांगते. माझं वय शहात्तर. डोळ्यात मोतीबिंदू, गुडघे असे की दोन्ही वेगवेगळ्या म्हाताऱ्यांचे आणून बसवले असावेत. पण कान? तापीच्या डोहात मगर खोकली तर मला चुलीपाशी ऐकू येतं, न् खोकला कोरडा की कफाचा तेही सांगते. वाहरूला विचारा. सगळे हसायचे, वाहरू एकटा कधी हसला नाही. "हां मोठी माय, व्हई. थंडी शे ना तिले बी," म्हणायचा, व्हई म्हणजे असेल, न् शेणाचं घमेलं डोक्यावर घ्यायचा.

वाहरू आमचा सालदार. आमच्याकडे सालदार आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला लागतो न् पुढच्या आखाजीला सुटतो. त्या दिवशी मालकानं पंगत द्यायची. सालदार, त्याचं घर, त्याची सगळी भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती, आणि आपले भाऊबंद. सालदाराला नवे कपडे, टोपी, बूट. त्यानं ते घालून मालकासमोर यायचं न् दोन्ही हात जोडायचे. हात जोडले की साल लागलं. कागद नाही, अंगठा नाही. मी या घरात आले तेव्हापासून बावन्न पंगती रांधल्या, त्यातल्या बावीस वाहरूच्या.

मांडे माझेच. गव्हाचं सपीठ तासभर आपटायचं, पुरण भरायचं, पोळी दोन्ही हातांवर घेऊन कोपरापर्यंत झुलवत झुलवत वाढवायची न् पालथ्या खापरावर टाकायची. खाली पऱ्हाटीचा जाळ. माझ्या हातांना बावन्न वर्षांत केस उगवला नाही, सगळे जळाले. मांडा असा पातळ की त्यातून बघितलं तर पलीकडच्या बाईच्या नाकातला खडा मोजता येतो. माझ्या जोडीला खापरावर वाहरूची बायको रमिलाबाई. तिचे हात माझ्याहून लांब, तिचा मांडा माझ्याहून मोठा. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

तर झालं असं. आमचं गाव तापीकाठचं, नऊ मेंबरांची ग्रामपंचायत. सरपंचाची खुर्ची आमच्याच भाऊबंदात फिरायची. पहिले आमचे म्हातारे, सुकलाल. ते गेल्यावर माझा मुलगा हेमराज. मागच्या खेपेला जागा आदिवासीला सुटली. हेमराज दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात गेला. वाहरू म्हैस पिळत होता.

"वाहरू, तुले उभं ऱ्हावानं शे."

वाहरू बादली घेऊन उठला. "ह्या दखा, उभा ऱ्हायनू. काय काम?"

"तसं नही रे! सरपंचले."

वाहरूनं बादली खाली ठेवली. दुधात शेपटीचा केस पडला होता, तो बोटानं काढला. "दादा, माले सहीबी येत नही."

"शिकाडसू ना मी."

आणि शिकवली खरी. आठ दिवस वाहरू गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं 'वाहरू' लिहीत होता. 'ह'ला शेपूट लांब व्हायचं. म्हशी भिंतीला अंग घासायच्या न् नाव पुसायच्या, हा पुन्हा लिहायचा. अजून त्या भिंतीवर एक 'ह' आहे.

मग कायदा आला. हेमराज शहाद्याहून कागदांचं भेंडोळं घेऊन आला न् ओट्यावर बसून आम्हाला वाचून दाखवू लागला. उमेदवारानं बँकेत वेगळं खातं काढायचं. रोजचा खर्च रोज लिहायचा. आपल्याएवढ्या गावाला सरपंचासाठी पन्नास हजारांची हद्द, त्यावर एक रुपया नाही. दुसऱ्यानं आपल्यासाठी केला तरी तो आपलाच खर्च. निकालानंतर तीस दिवसांत सगळा हिशेब द्यायचा. खोटा दिला तर दिलाच नाही असं धरणार, खुर्ची जाणार न् पाच वर्षं पुन्हा उभं राहायचं नाही. सोबत दरांचा कागद. चहा दहा, पोहे वीस, साधी थाळी इतके, विशेष थाळी इतके, खुर्ची सात, हार, फुगे, ढोल, सगळं त्यात.

"मांडाना भाव काय लिखा शे?" मी विचारलं.

"मांडा नही लिखा, माय."

"मंग कसाना कायदा! जी चीज सरकारनी खादीच नही, तिना भाव कसा लावतीन!"

सगळे हसले. वाहरू खाली पायरीशी पोत्यावर बसला होता, तोही हसला. उमेदवार तो, पण ओट्यावर चढला नव्हता. कोणी चढ म्हणालंही नाही. मीसुद्धा नाही.

आखाजी मतदानाच्या पाच दिवस आधी आली. पंगत तर व्हायलाच हवी, वाहरूचं साल लागायचं होतं. हेमराज पक्का माणूस. सकाळीच त्यानं सगळ्यांना गोळा केलं न् बजावलं, "आज पंगतमा कोनी मत मांगानं नही. बॅनर नही, घोषणा नही. ही आपली दरसालनी पंगत शे, कायदा हिले लागत नही." हे मी माझ्या या कानांनी ऐकलं. कोणते कान ते वर सांगितलंच आहे.

मी न् रमिलाबाई पहाटेपासून खापरापुढं. ऊन असं की खापर विस्तवानं तापलं की सूर्यानं ते कळेना. घाम कोपरावरून टपकून जाळात पडायचा न् चर्र व्हायचं. रमिलाबाई मांडा झुलवता झुलवता म्हणाली, "मोठी माय, हाऊ सरपंच व्हयना तर मी बी मांडा करसू का?"

"का बरं? सरपंचीणना हात काय चांदीना व्हतस का?"

"नही, तसं नही. मांडा कराले माले आवडस. कोनी 'आते तू नको ये' असं नको म्हनाले."

"तू नही उनी तर मी खापर फोडी टाकसू," मी म्हटलं.

पंगतीला एकशे चाळीस माणूस होतं. मांडे तीनशे दहा. मी मोजले, कारण कामिनीनं, म्हणजे माझ्या सुनेनं, टोपलीत दहा-दहाच्या थप्प्या लावल्या होत्या न् एकतीस थप्प्या झाल्या. आमरस, रशी, भात. मतांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

जेवणं झाली. वाहरू नवा पांढरा शर्ट, टोपी, करकरीत बूट घालून मांडवाच्या खांबापाशी आला. मालकाला हात जोडायचे होते. हेमराज समोर मोबाईल घेऊन उभा. "थांब, थांब, फोटो काढू. हां, आते जोड." वाहरूनं हात जोडले. मागं पंगत बसलेली, समोर हे. फोटोत मालक आलाच नाही, कारण मालक फोटो काढत होता. तो फोटो हेमराजनं मोठा करून चौकटीत घालून वाहरूला दिला. वाहरूनं झोपडीत खुंटीला लावला. रमिलाबाई त्याला रोज पदरानं पुसायची.

वाहरू चौऱ्याऐंशी मतांनी आला. त्याच्या समोरचा करणसिंग पडला. हेमराज मेंबर झाला न् उपसरपंचही झाला. तीस दिवसांच्या आत हिशेब गेला. हेमराजनं लिहिला, वाहरूनं लांब शेपटीच्या 'ह'ची सही केली. एकतीस हजार दोनशे चाळीस. पंगत त्यात नव्हती, असायचं कारणच नव्हतं.

आता सरपंचाचं काम कसं चालायचं ते ऐका. पहाटे वाहरू सात म्हशी पिळायचा, शेण काढायचा, केळीच्या ठिबकचे कॉक फिरवायचा. अकरा वाजता हातपाय धुऊन ग्रामपंचायतीत खुर्चीवर बसायचा. दोन वाजता पुन्हा केळीत. लोक दाखल्यासाठी गोठ्यातच यायचे. वाहरू घमेलं खाली ठेवायचा, हात धुवायचा, शर्टाला पुसायचा न् सही करायचा. शिक्का मात्र हेमराजच्या खिशात. दाखला घेऊन माणूस आधी गोठ्यात, मग ओट्यावर. एकदा वाहरू म्हणाला, "दादा, शिक्का मन्हाकडे ठेवू का? लोकेसना दोनदा चकर पडस."

"शेणना हात लागतीन," हेमराज म्हणाला.

वाहरूनं आपले हात उलटेसुलटे करून बघितले. नखात हिरवं होतं.

एक मात्र झालं. त्यानं भिलाटीत पाण्याची टाकी आणली. साहेबांकडं तीनदा तळोद्याला गेला, जीपच्या टपावर बसून. टाकी आली त्या दिवशी रमिलाबाईनं पहिला हंडा माझ्याकडं आणला. "चाखी दख, मोठी माय." मी म्हटलं, हे पाणी इतकं गोड आहे की यात जिलेबी तळली तर पाक करायला नको. वाहरू म्हणाला, "हां, व्हई."

पावसाळा सरला. हेमराजला तापीतून केळीसाठी नवी पाइपलाइन आणायची होती. जवळची वाट नदीकाठच्या गावठाणातून, भिलाटीच्या मसणवटीवरून. तिथं नुसते उभे दगड आहेत, शेंदूर लावलेले. लांबची वाट नाल्यावरून, खर्च तिप्पट. ग्रामपंचायतीचा ठराव लागणार होता. हेमराजनं ठराव लिहून आणला न् वाहरूला केळीच्या बागेतच गाठलं. मी बांधावर आंबाडीची भाजी खुडत होते. वाहरू घड तोडत होता. पानांचा चीक हातावर सुकून काळा झालेला.

"वाहरू, आठे सही कर."

"काय शे दादा?"

"पाइपनं. कर ना."

पहिल्यांदाच वाहरूनं कागद हातात घेतला. वाचायला येत नव्हतं तरी बराच वेळ बघत राहिला. "कथाइन जाई पाइप?"

"काठवरथून. दगडेसपाइन."

वाहरूनं कोयता घडाच्या दांड्यात मारून ठेवला. "दादा, तठे मन्ही पोर शे."

त्याची धाकटी पोर, चार वर्षांची. तापानं गेली होती. तिचा दगड सगळ्यात लहान, विटेएवढा.

"पोरले काय व्हई? वर मातीच टाकसूत ना परत."

"मी सही करत नही, दादा."

बावीस वर्षांत त्यानं 'नही' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्याच्या आवाजात राग नव्हता. जसं म्हशीनं आज दूध दिलं नाही सांगावं तसं सांगितलं. हेमराजनं कागदाची घडी केली. "तू कोना जीववर सरपंच शे?" विचारलं.

"तुम्हनाच, दादा. पन सही नही करत."

हेमराज हसला. तो हसतो तेव्हा मला त्याच्या बापाची भीती वाटायची तशी वाटते.

त्यानं वाहरूला कामावरून काढलं नाही. साल आखाजीपर्यंत होतं. रोज सकाळी "दूध कितलं?" विचारायचा, वाहरू सांगायचा. आणि पंधरा दिवसांनी बघते तर करणसिंग आमच्या ओट्यावर. पडलेला करणसिंग, ज्याला निवडणुकीत हेमराजनं काय काय शिव्या दिल्या होत्या. कामिनीनं त्याला कपबशीतून चहा दिला, वर बिस्किटं. वाहरू चाऱ्याची पेंढी घेऊन जाताना म्हणाला, "बरं व्हयनं. दादा त्याले समजाडी ऱ्हायनात."

मलाही बोलावलं. करणसिंग वाकून पाया पडला. उठायचं नावच घेईना. मग म्हणतो, "मोठी माय, ती आखाजीनी पंगत म्हने लई जोरदार व्हयनी. माले कोनी बलावं नही बुवा."

आता मला सांगा, समोर ऐकणारा बसलाय, मान डोलावतोय, चहा आलाय. मी गप्प बसेन?

"जोरदार?" मी म्हटलं. "अरे, पाचशे माणूस जेवनं! शहाद्यापर्यंत पंगत गयी व्हती. अकराशे मांडे कयात मी एकलीनी. तूपना ड्रम उघडा व्हता, लोके तांब्या तांब्या तूप पी ऱ्हायनात. आमरस नालीतथून वाही गया, तापीन्या मगरी गोड व्हई ग्यात!"

"आन् वाहरू काय करी ऱ्हायना व्हता?"

"वाहरू? वाहरू राजासारखा हात जोडीसन उभा. एकेक माणूसले हात जोडी ऱ्हायना!"

करणसिंग हसून हसून लोळला. हेमराजच्या शर्टाच्या खिशात मोबाईल उभा होता, वरून त्याचा डोळा दिसत होता. मी पाहिला. मला वाटलं, बॅटरी लावून विसरला. मी म्हटलंसुद्धा, "हेमराज, तुन्हा खिसामा काजवा शे." तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे, माय."

पौषात नंदुरबारहून, कलेक्टर कचेरीतून कागद आला. करणसिंगनं अर्ज केला होता की सरपंचानं खर्चाची हद्द मोडली न् हिशेब खोटा दिला. वाहरू कागद घेऊन गोठ्यातून ओट्यापाशी आला. पायरीशी थांबला. "दादा, हाई काय शे?"

हेमराजनं वाचून दाखवलं. सगळं वाचलं, जसं दुसऱ्याच गावाचं काही आहे. वाहरू म्हणाला, "पन पंगत तर आपली दरसालनी. मी साहेबले सांगसू, मोठी मायले इचारा. ती सांगी." आणि माझ्याकडं बघून मान हलवली. निर्धास्त. तेवढंच त्यानं आपल्या जबाबात लिहवून घेतलं. साक्षीदार, जसोदाबाई. दुसरा कोणी नाही.

त्या दिवसापासून रमिलाबाई माझे पाय चेपायला येऊ लागली. मी नको म्हणायची. ती म्हणायची, "तुले नंदुरबारले जावानं शे ना, गुडघा दुखतीन." तिचे हात भाकरीसारखे ऊन. मी तिला मगरीच्या गोष्टी सांगायची. करणसिंगचा चहा न् तो काजवा मात्र सांगितला नाही. मला स्वतःलाच तेव्हा नीट कळलं नव्हतं, असं मी धरून चालले.

जायच्या दिवशी सकाळी हेमराज माझ्या खाटेपाशी आला. मोज्याशिवाय बूट घालून, घाईत. "माय, साहेब तुले इचारतीन. त्या दिवशी ओटावर जे बोलनी तेच बोलजो. जास्तीनं काही नको."

"ते तर मी फेकेल व्हतं."

"आपलं घर शे, माय," एवढंच म्हणाला. माझ्या अंगावर शाल टाकली, टोकं नीट केली. इतक्या मायेनं त्यानं मला कधी शाल दिली नव्हती. तेव्हा कळलं. म्हणजे, तेव्हा कळलं नाही म्हणायची सोय उरली नाही.

गाडी एकच, आमची जीप. पुढं हेमराज न् करणसिंग. मधल्या सीटवर मी न् कामिनी. मागं दुधाच्या रिकाम्या कॅनांत वाहरू न् रमिलाबाई. ज्याच्यावर केस त्यानंच खाली उतरून आमचं गेट उघडलं, गाडी बाहेर पडल्यावर लावलं न् धावत येऊन मागं चढला. त्यानं तोच पांढरा शर्ट घातला होता. रमिलाबाईनं मांडीवर पदराखाली चौकट धरली होती. फोटो. "साहेबले दखाडसू," म्हणाली, "साल लागनं त्याना फोटो."

साहेबांची खोली मोठी, वर पंखा बंद, तरी थंडी. साहेब तरणा होता, बोलायला नीट. त्यानं करणसिंगच्या अर्जाला जोडलेले कागद एकेक काढून टेबलावर मांडले. मांडववाल्याचं बिल, किराण्याचं, तुपाचं, आंब्याचं. अडतीस हजार पाचशे. प्रत्येकावर हेमराजची सही. मग हेमराज उठला न् शपथेवर म्हणाला की होय, मी उपसरपंच, ही पंगत सरपंचाच्या प्रचारासाठी त्याच्या सांगण्यावरून झाली, मी नुसतं सामान आणून दिलं. शुद्ध मराठीत बोलला, शाळेतल्यासारखं. मग फोटो. तोच. हात जोडलेला वाहरू, मागं पंगत.

रमिलाबाईनं आपल्या मांडीवरची चौकट पाहिली, टेबलावरचा फोटो पाहिला. मग चौकट हळूच पालथी घातली.

वाहरू हेमराजकडं बघत होता. रागानं नव्हे हो. वाट चुकलेलं जनावर कसं ओळखीच्या माणसाकडं बघतं, की आता हाक मारील. बराच वेळ बघितलं. हेमराजनं चष्मा काढून पुसला.

साहेब म्हणाले, "एकतीस न् साडेअडतीस, एकोणसत्तर हजारांच्या वर जातं. पण पंगत प्रचाराची नव्हती, मालकाची दरवर्षीची प्रथा होती, असं तुमचं म्हणणं. साक्षीदार कोण?"

"मोठी माय," वाहरू म्हणाला.

मग मी उठले. गुडघे कडकडले, सगळ्यांनी ऐकलं. मी म्हटलं, साहेब, बावन्न आखाज्या मी ही पंगत रांधते. एकशे चाळीस माणूस होतं, तीनशे दहा मांडे. कोणी मत मागितलं नाही, उलट माझ्या मुलानंच मागू नका म्हणून बजावलं होतं. हात जोडले ते मालकाला, न् मालक फोटोत नाही कारण मालकाच्याच हातात मोबाईल होता. मी असं खणखणीत बोलले की पंखा हलला. सगळी खोली गार. मग साहेबानं टेबलावरचा मोबाईल दाबला न् त्यातून माझाच आवाज आला. पाचशे माणूस. अकराशे मांडे. मगरी गोड झाल्या. शिपाईसुद्धा हसला. साहेब म्हणाले, "आजी, यातलं खरं कोणतं?" मी म्हटलं, साहेब, जन्मभर फेकत आले, आज खरं बोलतेय. पण फेकणाऱ्या बाईचं खरं कोण धरतो? नाही धरलं.

पंधरा दिवसांनी निकाल आला. वाहरूची खुर्ची गेली, पाच वर्षं उभं राहायचं नाही. कारभार उपसरपंचाकडं, म्हणजे हेमराजकडं. शिक्का तर खिशात होताच. ठराव झाला. मशीन आलं न् दोन दिवसांत काठ उकरून गेलं. वाहरू तेव्हा केळीत घड तोडत होता. आवाज तिथपर्यंत येत होता. त्याचं साल होतं ना आखाजीपर्यंत, तो ते पुरं करत होता. संध्याकाळी दूध किती ते हेमराजला सांगायचा. विटेएवढा दगड रमिलाबाईनं आधीच उचलून नेला होता. आता तो तिच्या झोपडीत आहे, खुंटीखाली, जिथं चौकट होती तिथं.

या आखाजीला वाहरू हात जोडायला आला नाही. त्यानं जुना शर्ट घडी करून गोठ्याच्या दावणीवर ठेवला, बूट शेजारी, तळ पुसलेले. दोघं उसाच्या टोळीबरोबर गुजरातेत गेले म्हणतात. नवा सालदार लागला. मी खापर मांडलं, एकटीच. दहा मांडे केले न् अकरावा हातावरच फाटला. कामिनी म्हणाली, "आत्याबाई, ऱ्हाऊ द्या, पोळ्या करू." पोळ्या केल्या. आमरस होता. मला चव लागली नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारे, सुरुवातीला तूच म्हणाली होतीस, खोटं निघालं तर चव जाईल. बरं, सांगते. एवढ्यात एकच गोष्ट खोटी आहे.

मी उठले नाही. साहेबानं मोबाईल कधी दाबलाच नाही, त्याची गरज पडली नाही. त्यानं मला विचारलं, "आजी, ही पंगत कशाची होती?" वाहरू माझ्याकडं बघत होता. हेमराज माझ्याकडं बघत होता. शालीचं टोक माझ्या मुठीत होतं. साहेबानं पुन्हा विचारलं, मोठ्यानं. तिसऱ्यांदा उठून जवळ आला न् माझ्या कानापाशी वाकून विचारलं.

मी म्हटलं, "माले आयकू येत नही."

साहेब सरळ झाला. वाहरूला म्हणाला, "तुमच्या साक्षीदाराला ऐकू येत नाही का?"

वाहरूनं माझ्याकडं बघितलं. मी सांगितलेली गोष्ट त्यानं कधी खोटी म्हटली नव्हती.

"हां साहेब," तो म्हणाला, "मोठी माय सांगस, तर व्हई."